बाई स्वतः काय वाजवतात?

१२ मे

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. निघताना तुम्ही विचारले होते की त्या वाद्यवृंदात ढोल बडवायला तुझ्याबरोबर आणखी कितीजण आहेत. मी एकटाच आहे. आणि तो ढोल नाही, टिंपनी आहे. तांब्याचे चार मोठे नगारे अर्ध्या गोलात मांडलेले असतात आणि मी मध्ये उभा असतो. प्रत्येकाच्या खाली पायाने दाबायचे पेडल आहे. ते दाबले की वरचे कातडे ताणले जाते आणि सूर चढतो. त्यामुळे वाजवण्याआधी सूर लावून ठेवावा लागतो. मला धीर नसल्याने मी तो फार आधीच लावून ठेवतो.

परीक्षा पडद्याआडून झाली म्हणून निभावलो. पडद्यापलीकडे बसलेल्यांना माझी नववीत सुटलेली शाळा दिसली नाही आणि बंदर कामगारांच्या बँडात शिकलेले हातही दिसले नाहीत. त्यांनी फक्त ऐकले. मात्र अजून कायम केलेले नाही. हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत बघतील, मग बाई सांगतील राहायचे की जायचे.

बाई म्हणजे आमच्या कंडक्टर. ठेंगण्या आहेत, कॅनव्हासचे बूट घालतात, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो. सगळ्यांच्या पुढे एका लाकडी चौथऱ्यावर उभ्या राहतात आणि एक बारीक पांढरी काठी हलवतात. काका, एवढ्या मोठ्या खोलीत आवाज न काढणाऱ्या त्या एकट्याच आहेत. आधी मला वाटले, त्या ताल देतात. पण इथल्या लोकांना ताल द्यायची गरज नाही. माझ्या शेजारी ट्रम्पेट वाजवणारे आजोबा तर काठीकडे बघतच नाहीत असे वाटते.

काल बाई यायच्या आधी सगळ्यांनी गंमत म्हणून पहिले पान त्यांच्याशिवाय वाजवले. कुणी चुकले नाही. मग बाई आल्या, काठी उचलली आणि तेच पान पुन्हा झाले. माणसे तीच, सूरही तेच. पण आधी जणू विरामचिन्हे नसलेला मजकूर कुणीतरी घाईने वाचत होते, आणि आता प्रत्येक स्वल्पविराम जागेवर आला होता. माझ्या अंगावर काटा आला. बाई स्वतः काय वाजवतात, ते मला समजत नाही. समजले की कळवीन.

काकूला नमस्कार सांगा. खोलीत उजेड बरा आहे, शब्दकोश उशाशी आहे.

तुमचा पुतण्या


१९ मे

चि. टिंबू,

आशीर्वाद. पत्र मिळाले. एकही चूक नाही, त्यामुळे मला हसायला काही मिळाले नाही. अनुस्वाराचे टिंब राहिले म्हणून अख्खे पान पुन्हा लिहिणारे पोर ते, आता नगाऱ्याचे सूर आधीच लावून बसते म्हणे. काकू म्हणाली, जेवतो की नाही ते लिहिलेच नाही. आता लिही, नाहीतर मला ऐकून घ्यावे लागते.

पाळीतल्या लोकांना पत्र वाचून दाखवले. कंडक्टर म्हटल्याबरोबर एकाने विचारले, बेल मारतो का? मी म्हटले, ही बाई तेवढीही तसदी घेत नाही. त्यावर सगळे एका सुरात म्हणाले, अशी नोकरी आणखी एखादी रिकामी असेल तर कळव.

अरे, आमच्याकडेही एक नमुना आहेच की. बगळा. माझी क्रेन उंचावर, खोके उतरते जहाजाच्या पोटात. तिथले मला काही दिसत नाही. म्हणून हा डेकवर एका पायावर भार देऊन उभा राहतो आणि हातांनी खुणा करतो. वजन उचलतो मी, घाम माझा, आणि संध्याकाळी हा मिशीला पीळ देऊन म्हणतो, "आज आपण बरेच उतरवले." आपण! कामाबाहेर आमचे बोलणे नाही ते उगाच नाही.

आता कामाचे. गोदामात मोजणीची जागा रिकामी होते आहे. आलेला माल मोजायचा आणि स्वच्छ अक्षरात लिहायचा. तुझ्यासारखा माणूस त्यांना दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. साहेब माझ्या शब्दावर जूनअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. कायमची जागा, वर छप्पर, घर हाकेच्या अंतरावर. मला घाई नाही. काकूला वाटते, इतकेच.

काका


२ जून

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. जेवतो. दोन्ही वेळा.

माझ्याकडून मोठी चूक झाली आहे. तुम्हालाच सांगतो, काकूला सांगू नका.

परवा पहिल्यांदा सगळ्यांसोबत रचनेतल्या एका मोठ्या जागेची तालीम होती. तिथे सगळी वाद्ये एकदम येतात आणि मीही. मी ठरवले होते की चुकायचे नाही. काठी खाली येऊन जिथे थांबते, नेमके त्याच क्षणी मारायचे. बाईंची काठी खाली आली आणि मी मारले. पूर्ण जोराने. काका, त्या क्षणी दुसरे कुणीही वाजवले नाही. माझा एकट्याचा दणका खोलीभर फिरला आणि मग, पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाने, बाकी सगळे मिळून आले. व्हायोलिनवाल्या मुली वळून बघू लागल्या.

बाईंनी सगळ्यांना थांबवले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "टिंपनी, तू पोचलास. आम्ही अजून वाटेत आहोत."

सगळे हसले. आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "बाळा, इथे काठी पडली की लगेच सूर येत नाही. काठी पडते, मग सूर येतो."

"किती वेळाने?"

"सगळे वाजवतात तेव्हा."

"आणि सगळे कधी वाजवतात?"

"तेच तर," असे म्हणून त्यांनी ट्रम्पेट पुसायला घेतले.

मग मी काठी सोडून कानांवर भरवसा ठेवला. बाकीच्यांचा सूर ऐकू आला की मारायचे. तर बाई म्हणाल्या, "आता उशीर झाला." खरेच होता. मी सगळ्यात मागे उभा असतो. पुढच्यांचा सूर माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि माझा पुढे जायला पुन्हा वेळ लागतो. म्हणजे डोळ्यांनी बघितले तर लवकर, कानांनी ऐकले तर उशीर. आजोबा मात्र रोज बरोबर येतात आणि कसे ते त्यांना सांगता येत नाही.

मी आता एक उपाय केला आहे. आमच्या कागदावर उभ्या रेघांनी घरे पाडलेली असतात. माझी पुष्कळ घरे रिकामी असतात, तिथे गप्प राहायचे असते. ती घरे मी मनात मोजतो. मोजणी तरी मला धोका देणार नाही. आता मी मान खाली घालून फक्त मोजतो.

बाई नेमक्या काय करतात, ते मला अजून कळलेले नाही. पण त्यांनी काठी खाली आणल्यावर जो थोडासा रिकामा वेळ राहतो, त्यात इतकी माणसे एकमेकांना न विचारता एकत्र उडी घेतात. मी तिथे उभा राहून ते बघतो आणि मला भीती वाटते.

तुमचा पुतण्या


८ जून

चि. टिंबू,

आशीर्वाद. काकूला सांगितले नाही. तिने पत्र स्वतः काढून वाचले. आता मला काही म्हणू नकोस.

तुझे ते "लवकर की उशीर" डोक्यात घोळत राहिले. शेवटी डबा खाताना बगळ्याला विचारले. हो, मीच विचारले. पाळीतले लोक घास हातात धरून बघत राहिले.

म्हटले, "काय रे, तू हात खाली करतोस तेव्हा खोके टेकलेले असते का?"

तो म्हणाला, "अकलेच्या कांद्या, टेकताना खूण केली तर खाली उभ्या असलेल्याचा पाय गेला की. खोके वर असतानाच मी हात खाली करतो. जे होणार आहे त्याची खूण करतो. होते आहे ते तर आंधळ्यालाही कळते."

"मग नेमके कधी टेकवायचे ते मला कसे कळते?"

"ते मला काय विचारतोस? इतकी वर्षे तूच अलगद टेकवतोयस."

टिंबू, उभ्या जन्मात हा प्राणी माझ्याबद्दल चांगले पहिल्यांदाच बोलला, आणि तेही माझ्यावर खेकसून. मी त्याला लोणचे दिले.

तुला यातून काही घेता आले तर घे. नाहीतर सोड. सगळ्यांना सगळे जमते असे नाही आणि न जमण्यात लाज नाही. मान खाली घालून मोजायचेच असेल तर गोदामात त्याचा पगार मिळतो. साहेबांनी काल पुन्हा विचारले. काय सांगू?

काका


१५ जून

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. साहेबांना हो म्हणून सांगा.

बगळेकाकांचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांना माझा नमस्कार. मला ते समजते, पण काठी उचलली गेली की समजलेले सगळे पळून जाते आणि मी पुन्हा मोजायला लागतो. मोजून मी बरोबर येतो. गेल्या आठवड्यात एकदाही चुकलो नाही. पण बाईंनी माझ्याकडे बघणेच सोडले आहे. व्हायोलिनकडे बघतात, बासरीला भुवईने बोलावतात, चेलोवाल्यांकडे तर पूर्ण वळतात. माझी जागा आली की त्यांचे तोंड दुसरीकडे असते. मी आजोबांना विचारले. ते म्हणाले, "बघत नाहीत? अरेरे. बाईंनी ज्याच्याकडे बघायचे सोडले त्याचे मग अवघडच." ते नेहमी थट्टा करतात, पण ही थट्टा नसावी.

त्यांनी जा म्हणण्याआधी आपण जावे, हे बरे. शनिवारी, २१ तारखेला हंगामाचा शेवटचा कार्यक्रम आहे. तो मी नीट पार पाडीन. मग सामान आवरायला आठवडा लागेल. २८ ला घरी येतो. हा माझा शब्द समजा.

तुमचा पुतण्या


१७ जून

चि. टिंबू,

आशीर्वाद. चांगले केलेस. साहेबांना सांगितले. काकूने तुझी खोली झाडली, गादीला ऊन दाखवले, आणि आता दिवसभर गुणगुणत फिरते आहे. मीही खूश आहे असे ती म्हणते. असेन.

तुझा कार्यक्रम ऐकायला यायचे होते, पण शनिवारी पाळी आहे. जमणार नाही. नीट वाजव.

काका


२२ जून

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. २८ ला येतो, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला शंका नको. दिलेला शब्द मी मोडणार नाही. पण काल जे झाले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

शेवटची रचना पियानोची होती. पियानोवादक पाहुणे होते. सगळे पाठ, समोर कागद नाही. शेवटच्या भागात एक तुकडा दोनदा येतो. दोन्ही वेळा सुरुवात सारखीच असते, पण पुढे वाटा वेगळ्या होतात. पहिल्या वेळी खाली उतरायचे, दुसऱ्या वेळी थेट शेवटाकडे जायचे. काल ते पहिल्याच वेळी दुसऱ्या वाटेला लागले. मधली दोन पाने गळाली.

मला ते कळले नाही. मी मान खाली घालून रिकामी घरे मोजत होतो. एवढेच जाणवले की समोरचा आवाज पातळ होतो आहे. कुणी जुन्या जागी, कुणी नव्या, आणि पुष्कळजण घाबरून गप्प. पियानो एकटा धावत होता. असे वाटले की आता सगळे थांबणार. मी मान वर केली.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

डावा हात त्यांनी आडवा धरला होता, बाकी सगळ्यांना थोपवून. उजव्या हातातली काठी माझ्यासाठी वर जात होती. शेवटाच्या सुरुवातीला माझे एकट्याचे ठोके आहेत. ते ऐकले की सगळ्यांना कळते, आपण कुठे आहोत. बाई तेच मागत होत्या. पण माझी मोजणी सांगत होती, अजून खूप घरे बाकी आहेत. काका, माझ्याजवळ आयुष्यभर भरवशाची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मोजणी. आणि ती सांगत होती, मारू नको. पहिल्या चुकीचा तो दणका कानात वाजत होता. आता चुकलो तर भरलेल्या सभागृहात एकटा.

मी मोजणी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर सोडली. काठी खाली आली, थांबली, आणि त्यानंतरच्या रिकाम्या वेळात मी काही ठरवले नाही. हात आपोआप गेले. ठोके पडले. आणि तिसऱ्या ठोक्याला सगळे आले, काका. चेलो आले, बासरी आली, आजोबा ट्रम्पेट उचलून उभेच राहिले. फाटलेले कापड कुणीतरी एका ओढीत शिवावे तसे झाले. श्रोत्यांना पत्ताही लागला नाही. शेवटी ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि पियानोवादक रुमालाने मान पुसत होते.

नंतर बाई वाद्यांच्या रिकाम्या पेट्यांजवळ बसून बिस्किटे खात होत्या. पाठ घामाने भिजलेली. मी धीर करून गेलो. म्हटले, "बाई, मी मोजणीप्रमाणे चुकीच्या जागी वाजवले."

"तुझी मोजणी बरोबर होती. पियानो दुसरीकडे गेला होता."

"पण तुम्ही मलाच का बोलावले?"

"तयार कोण होते? बासरी गुडघ्यावर. ट्रम्पेट मांडीवर. तू मात्र भित्रा आहेस. दोन पाने आधीच पेडल दाबून सूर लावून बसतोस. रोज बघते मी."

"बाई, तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता."

त्या हसल्या. "ज्याला बोलवावे लागते त्याच्याकडे वळते मी. तू आपणहून येत होतास, तुला कशाला हाका मारू? बिस्कीट घे."

मी घेतले. त्या म्हणाल्या, "आता आठवडाभर सुट्टी. मग सोमवारी दहाला नव्या हंगामाची तालीम. सुट्टीत घरी जाऊन ये."

मी मान हलवली. सोमवारी मी नसेन, हे मला सांगता आले नाही. पत्राने कळवीन.

काका, तुम्हाला कळवायचे कबूल केले होते म्हणून लिहितो. बाई स्वतः काही वाजवत नाहीत. आम्ही जे वाजवत असतो ते त्यांच्यासाठी होऊन गेलेले असते. त्या आमच्या पुढच्या क्षणात उभ्या असतात आणि तिथून आम्हाला बोलावतात. आणि एवढ्या माणसांत कोण कुठे गडबडतो, कुणाची बासरी कुठे टेकलेली आहे, कुणाच्या भित्रेपणाचा काय उपयोग आहे, हे सगळे त्यांना माहीत असते. हे एका माणसाच्या डोक्यात कसे मावते ते मला कळत नाही. मी ते बघितले, एवढे मला पुरेल.

तुमचा पुतण्या


२५ जून

चि. टिंबू,

आशीर्वाद. पत्र वाचले. काकूने मोठ्याने वाचले, मी ऐकले, आणि मग मी तिला सांगितले ते तुलाही सांगतो. शनिवारी मला पाळी नव्हती. मी तिथे होतो.

खरे सांगायचे तर तुला न्यायलाच आलो होतो. म्हटले, आठवडा कशाला, कार्यक्रम संपला की पेटी उचलू आणि रात्रीच्या गाडीने घरी. तिकीट खिडकीवरची मुलगी म्हणाली, फक्त मागची बाके उरली आहेत, वादकांच्या पाठीमागची. तिथून वादकांच्या पाठी दिसतात आणि कंडक्टरचे तोंड, म्हणून कुणी घेत नाही. मी म्हटले, तेच द्या. मला तोंडच बघायचे आहे. इतके दिवस ऐकतोय, ही बाई करते तरी काय.

त्यामुळे तुला जे दिसले नाही ते मला दिसले. तू मान खाली घालून उभा होतास. पियानोवाला घसरला तेव्हा मला संगीतातले काही कळले नाही, पण बाईंचे डोळे कळले. जहाज अचानक हलले की बगळ्याचे असेच होतात. बाकी चेहऱ्यावर रेषही हलली नाही. डोळे मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, एकेका माणसावरून, आणि तुझ्यावर येऊन थांबले. तू वर बघायच्या आधीपासून त्या तुझी वाट बघत होत्या. तू बघशीलच असे धरून.

मग तू मान वर केलीस. त्यांनी श्वास घेतला. चांगला खोल. आणि टिंबू, तोच श्वास तू घेतलास. मला मागून तुझे खांदे वर जाताना दिसले. तुझ्या शेजारच्या आजोबांचे गेले. पुढच्या मुलींचे गेले. सगळ्यांच्या पाठी एकदम वर आल्या, आणि माझ्या बाकावर बसून मीही घेतला, कुणी सांगितले नव्हते तरी. मग तू मारलेस. ती बाई काय करते म्हणतोस? मला वाटते, ती तुम्हा सगळ्यांच्या वतीने आधी श्वास घेते.

संपल्यावर मी मागच्या दाराशी येऊन उभा राहिलो. तू बाहेर आलास, आजोबा होते, बासरीवाला होता. तू दोन्ही हात उडवत त्यांना काहीतरी दाखवत होतास आणि मोठ्याने हसत होतास. आमच्या घरात वाढलास, पण तुला असे हसताना मी पाहिले नव्हते. मी खांबाजवळच होतो. हाक मारली असती तर तू लगेच आला असतास, पेटी घेऊन, एक शब्द न बोलता. म्हणून मारली नाही. एकटाच गाडीत बसलो.

काकू रडली, मग म्हणाली, बरे केलेत. झाडलेली खोली तशीच राहू दे, सुट्टीत येईल तेव्हा कामाला येईल.

आज सकाळी साहेबांकडे गेलो आणि सांगितले, माझा पुतण्या येणार नाही. त्याने शब्द मला दिला होता, मी तो परत केला. बगळ्याची भाची हिशेबाला पक्की आहे म्हणतात, तिचे नाव सुचवले. उद्यापासून ती मोजणीला बसते आहे.

तेव्हा इथे तुझ्यासाठी जागा नाही. बाईंना पत्र लिहिले असशील तर फाडून टाक. सोमवारी दहाला पोच.

काका